वाचलेला कोड आणि चालणारा कोड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थेसाठी लॅपटॉप, राउटर आणि लॉगिनसाठी सिक्युरिटी की (लॉगिन करताना ओळख पटवणारी छोटी वस्तू) घ्यायच्या आहेत. विक्रेता सांगतो, ‘आमचं सगळं बंद आहे, कोड कुणाला दिसतच नाही, म्हणून सुरक्षित.’ तुमचे सहकारी म्हणतात, ‘ओपन सोर्सच घ्या, ते हजारो लोकांनी तपासलेलं असतं.’ आणि तुमची स्वतःची शंका अशी, की वरचं सॉफ्टवेअर ओपन असलं पण खालचं फर्मवेअर (उपकरणातच बसवून दिलेला प्रोग्राम) आणि चिप बंदच राहिली, तर एवढा आटापिटा कशासाठी?

दोघांचंही म्हणणं अपुरं आहे, आणि तुमची शंका सगळ्यात महत्त्वाची आहे. मी गेली सतरा वर्षं फर्मवेअर तपासण्याचं काम करतो. माझा कल ओपन सोर्सकडे आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तेवढं ध्यानात ठेवता येईल. तरी ‘ओपन आहे म्हणून सुरक्षित’ हे वाक्य मी आजवर एकाही अहवालात लिहिलेलं नाही. कोड उघडा असतो तेव्हा आपल्याला तपासायची मुभा मिळते. ती मुभा कुणी वापरली का? जो कोड वाचला तोच यंत्रात चालतोय हे कशावरून? आणि चूक सापडली तर ती दुरुस्त करायचा अधिकार कुणाच्या हातात आहे? मी प्रत्येक थरावर हेच विचारतो, आणि सॉफ्टवेअर, फर्मवेअर, हार्डवेअर या तिन्ही थरांवर उत्तरं फार वेगळी येतात.

आधी विक्रेत्याचा दावा घेऊ. ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनाबद्दल लिहिताना सांगून ठेवलं, की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. याचं कारण व्यावहारिक आहे. किल्ली फुटली तर बदलता येते, यंत्रणा फुटली तर सगळंच बदलावं लागतं. शिवाय आजच्या काळात ‘कोड दिसत नाही’ हे खरंही नसतं. विकत मिळणारं प्रत्येक उपकरण हल्लेखोरही विकत घेऊ शकतो. त्यातली बायनरी, म्हणजे यंत्राला चालवता येणारं कोडचं तयार रूप, बाहेर काढून ती वाचता येईल अशा रूपात आणणारी साधनं फुकट मिळतात. ‘घिड्रा’ हे त्यातलं एक उत्तम साधन अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेने २०१९ मध्ये खुलं केलं. कंपनीने सुरक्षेचा पॅच, म्हणजे चूक दुरुस्त करणारा बदल, काढला की जुनी आणि नवी बायनरी शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते शोधायचं, हे तर आमच्या क्षेत्रातलं रोजचं काम आहे. डिसेंबर २०१५ मध्ये ज्युनिपर या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीने आपल्या फायरवॉलमध्ये कुणीतरी घुसवलेला कोड सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा संशोधकांनी अशाच तुलनेतून काही तासांत त्यातला छुपा पासवर्ड काढला. तो पासवर्ड प्रोग्रामरच्या डीबगिंगच्या ओळीसारखा दिसेल असा मुद्दाम निवडलेला होता, म्हणजे वाचणाऱ्याची नजर त्यावरून सहज घसरावी.

थोडक्यात, बंद कोड वाचायला जास्त कष्ट पडतात, एवढंच. ते कष्ट पैसे आणि वेळ असलेला हल्लेखोर घेतो. चांगल्या हेतूने वाचणारे बहुतेक लोक घेत नाहीत. गुप्ततेचा तोटा बचाव करणाऱ्याच्या वाट्याला जास्त येतो, असं माझं मत यातूनच बनलं आहे.

एक उदाहरण अगदी जवळून बघण्यासारखं आहे. इंटेलच्या व्यावसायिक वर्गाच्या लॅपटॉपमध्ये एएमटी नावाची सोय असते. मुख्य ऑपरेटिंग सिस्टीम बंद असली तरी तिच्यातून यंत्र दुरून चालू करता येतं, स्क्रीन बघता येते, नवी सिस्टीमसुद्धा चढवता येते. तिच्या लॉगिनमध्ये ब्राउझर पासवर्डवरून काढलेला ३२ अक्षरांचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठसा, पाठवतो आणि फर्मवेअर तो आपल्याकडच्या हॅशशी ताडून बघतं. आता किती अक्षरं ताडायची? हा आकडा फर्मवेअर समोरून आलेल्या उत्तराच्या लांबीवरून घेत होतं. कुणी रिकामं उत्तर पाठवलं की लांबी शून्य. शून्य अक्षरं ताडली तर ती जुळतातच, आणि माणूस ‘अ‍ॅडमिन’ म्हणून आत! मे २०१७ मध्ये हे जाहीर झालं, तोवर फर्मवेअरच्या कित्येक पिढ्या ही चूक घेऊन विकल्या गेल्या होत्या. ज्याला सी भाषा येते आणि ज्याने त्या दोन-चार ओळी वाचल्या असत्या, त्याच्या हे नजरेतून सुटलं नसतं. कंपनीबाहेरच्या संशोधकांना ते बायनरी उलगडून शोधावं लागलं.

दुसरं उदाहरण अलीकडचं आहे. प्रोसेसरच्या आत मायक्रोकोड, म्हणजे सूचना कशा पाळायच्या ते ठरवणारा प्रोग्राम, असतो, आणि तो अपडेट करताना त्याच्यावर कंपनीची सही आहे का हे प्रोसेसर तपासतो. गूगलच्या सुरक्षा संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवलं की एएमडी या प्रोसेसर कंपनीने या तपासणीत जी किल्ली वापरली होती, ती अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या दस्तऐवजात नमुना म्हणून छापलेली किल्ली होती. झेन वर्गाच्या प्रोसेसरच्या अनेक पिढ्यांमध्ये तीच. संशोधकांनी स्वतःचा मायक्रोकोड चढवून प्रोसेसरची रँडम आकडा देणारी सूचना दर वेळी ४ हाच आकडा देईल अशी करून दाखवली. त्यासाठी यंत्रावर आधीच पूर्ण अधिकार लागतात, त्यामुळे घरबसल्या कुणी येऊन हे करेल अशातला भाग नाही. पण उघड परीक्षणात असली किल्ली पहिल्याच वाचनात पकडली गेली असती.

आता माझ्या टेबलावरची एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने त्यांच्या शाखांमध्ये बसवायचा राउटर माझ्याकडे पाठवला. उत्पादकाने लेखी दिलं होतं, ‘फर्मवेअर पूर्णपणे आमच्या मालकीचं असून त्याचा कोड गोपनीय आहे.’ मी झाकण उघडलं, आठ पायांच्या फ्लॅश चिपवर क्लिप बसवली आणि १६ मेगाबाइटचा मजकूर प्रोग्रामरने वाचून घेतला. त्याला जेमतेम चहा संपेपर्यंतचा वेळ लागला. फाइल उलगडली तर आत लिनक्स या खुल्या सिस्टीमचा गाभा, कर्नल २.६.३६, म्हणजे २०१० सालचा. सोबत बिझीबॉक्स हा छोट्या साधनांचा खुला संच, आणि सुरक्षित जोडणीसाठीच्या ओपनएसएसएल या खुल्या लायब्ररीची (इतर प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडची) अशी आवृत्ती जिच्यातल्या डझनभर चुका जगजाहीर होत्या. पासवर्डच्या फाइलमध्ये रूट, म्हणजे सर्वाधिकारी, वापरकर्त्याचा हॅश होता. तो मी खरेदी केलेल्या दुसऱ्या नगाशी ताडला, दोन्हीकडे हुबेहूब सारखा! उत्पादकाचं स्वतःचं म्हणावं असं त्यात होतं वेबपेजचं रूप आणि सेटिंग वाचणारे दोन प्रोग्राम, आणि मला सगळ्यात वाईट भोक सापडलं ते त्या दोन प्रोग्राममध्येच. ज्याला ते ‘आमचा गोपनीय कोड’ म्हणत होते तो नव्वद टक्के ओपन सोर्स होता, फक्त त्याचे पॅच लावण्याचे कष्ट कुणी घेतले नव्हते. बाजारातलं बहुतांश ‘बंद’ फर्मवेअर या अर्थाने खुलंच असतं: चुका जगाला माहीत, आणि दुरुस्ती ज्याच्या हातात आहे त्याला त्यात रस नाही.

याचा अर्थ बंद म्हणजे वाईट असा काढू नका. आयफोनची बूटसाखळी (फोन सुरू होताना एकामागून एक चालणारा कोड) बंद आहे आणि ती फोडायला फार मोठी किंमत मोजावी लागते. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून सरकारांना विंडोजचा कोड करारानिशी दाखवते. मोठ्या कंपन्यांकडे पगारी सुरक्षा गट असतात, त्यांचं काम दिवसरात्र चालतं आणि ते ठरलेल्या तारखेला पॅच देतात. चांगली सांभाळलेली बंद वस्तू वाऱ्यावर सोडलेल्या खुल्या वस्तूपेक्षा कधीही बरी.

तुमच्या सहकाऱ्यांच्या ‘हजारो डोळ्यां’बद्दल बोलायचं तर मला सगळ्यात जास्त जपून बोलावं लागतं, कारण ती माझीच बाजू आहे. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड उघडकीला आलं. ओपनएसएसएलमध्ये समोरचा म्हणेल तेवढ्या लांबीचा मजकूर परत पाठवायचा, पण प्रत्यक्षात तेवढा मजकूर आला होता का हे बघायचंच नाही, अशी ती चूक. एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा हाती लागायचा, आणि त्या तुकड्यात पासवर्डपासून खासगी किल्लीपर्यंत काहीही असू शकायचं. (समोरच्याने सांगितलेल्या लांबीवर विश्वास, म्हणजे वरच्या एएमटीच्या चुकीचीच बहीण. एक कोड खुला, एक बंद, चूक सारखीच.) तो कोड मार्च २०१२ पासून जगासमोर उघडा पडला होता. इंटरनेटवरचा अर्धाअधिक सुरक्षित व्यवहार ज्या लायब्ररीवर चालायचा, तिच्यावर तेव्हा पूर्णवेळ काम करणारा जेमतेम एक माणूस होता. डोळे हजारो असू शकले असते. प्रत्यक्षात कुणी बघत नव्हतं.

त्याच्याही आधी, २००६ मध्ये, डेबियन या लिनक्स वितरणात (लिनक्स आणि सोबतच्या प्रोग्रामच्या तयार संचात) एका तपासणी साधनाची तक्रार थांबवण्यासाठी याच लायब्ररीतल्या रँडम आकडे बनवणाऱ्या भागातून कोडची ओळ काढली गेली. परिणामी किल्ली बनवताना यदृच्छेचा एकच स्रोत उरला, प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, क्रमांक. एका प्रकारच्या आणि लांबीच्या शक्य किल्ल्या उरल्या ३२,७६८. लॅपटॉपवर एका दुपारी सगळ्या मोजून होतील! हे मे २००८ पर्यंत, म्हणजे दीड वर्षाहून जास्त, सगळ्यांसमोर होतं.

आणि मग एक्सझेड. या घटनेवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण खुल्या कोडचं बळ आणि त्यातलं भोक दोन्ही एकाच घटनेत दिसतात. एक्सझेड ही फाइली आवळून लहान करणारी लायब्ररी. ती सांभाळणारा एकटा माणूस, विनावेतन, थकलेला. २०२१ च्या सुमाराला ‘जिया तान’ या नावाने कुणीतरी मदत करू लागलं. चांगले पॅच, नम्र भाषा. काही अनोळखी खाती मूळ संचालकावर दबाव आणत राहिली: काम मंदावलंय, दुसऱ्याला अधिकार द्या. हळूहळू ते अधिकार मिळाले. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या आल्या, त्यांच्यात बॅकडोअर, म्हणजे आत शिरायचा छुपा मार्ग, होता. काही लिनक्स वितरणांमध्ये दुरून लॉगिन करू देणारा एसएसएच सर्व्हर आडवळणाने ही लायब्ररी मेमरीत ओढतो, त्या वाटेने हल्लेखोराला लॉगिनशिवाय आपले आदेश चालवता आले असते.

पकडलं ते आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसवर काम करणाऱ्या इंजिनिअरने. तो दुसरंच काहीतरी मोजत होता आणि एसएसएचचं लॉगिन सुमारे अर्धा सेकंद जास्त वेळ घेतंय हे त्याच्या लक्षात आलं. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवला. एसएसएचपासून लायब्ररीपर्यंत, लायब्ररीपासून तिच्या बिल्डपर्यंत (कोडमधून बायनरी बांधण्याच्या प्रक्रियेपर्यंत) प्रत्येक पायरीचा कोड त्याला मिळत गेला म्हणून तो मुळापर्यंत पोहोचू शकला. २९ मार्च २०२४ ला त्याने हे जाहीर केलं, तोवर ती आवृत्ती बहुतेक स्थिर वितरणांमध्ये उतरलेलीच नव्हती. बंद प्रॉडक्टमध्ये अर्धा सेकंद उशीर दिसला असता तर त्याने फार तर सपोर्टकडे तक्रार नोंदवली असती. हे बळ.

आता भोक. बॅकडोअरचा मुख्य भाग ‘बिघडलेली नमुना फाइल’ म्हणून ठेवलेल्या चाचणीच्या बायनरी फाइलींमध्ये दडवला होता. आणि त्याला चालू करणारी बिल्ड स्क्रिप्ट सगळे ज्या भांडारात कोड वाचतात तिथे नव्हतीच. ती फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे डाउनलोडसाठीच्या गठ्ठ्यात, होती. म्हणजे कुणी निष्ठेने भांडारातली ओळ न् ओळ वाचली असती तरी त्याला पूर्ण साखळी दिसली नसती. वाचलेला कोड वेगळा आणि बांधला गेलेला वेगळा.

माझ्या मते पूर्ण वादाचा कणा इथे आहे. बंद जगात याच फटीतून सोलरविंड्स या नेटवर्क सॉफ्टवेअरच्या कंपनीवर हल्ला झाला. २०२० मध्ये हल्लेखोरांनी त्यांच्या बिल्ड सर्व्हरवर असा प्रोग्राम बसवला, जो कंपाइल चालू असताना एक सोर्स (मूळ कोडची) फाइल गुपचूप बदलायचा आणि काम झालं की मूळ फाइल जागच्या जागी ठेवायचा. कंपनीच्या प्रोग्रामरने आपला कोड उघडून बघितला तर तो निर्मळ. तयार झालेल्या विषारी अपडेटवर कंपनीची खरी सही. तो अपडेट १८,००० पर्यंत ग्राहकांकडे गेला असू शकतो असं कंपनीनेच सांगितलं.

संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, याची टोकाची शक्यता मांडली होती: कंपायलर, म्हणजे सोर्समधून बायनरी बांधणारा प्रोग्रामच, असा बिघडवता येतो की सोर्समध्ये काहीही न दिसता तो बॅकडोअर घालत राहील, आणि स्वतःला पुन्हा कंपाइल करतानाही ती खोड पुढच्या पिढीला देईल. याला खुल्या जगाने दिलेलं उत्तर मला या क्षेत्रातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं. एकाच सोर्समधून वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या यंत्रांवर बांधलेली बायनरी शेवटच्या बिटपर्यंत सारखी यायला हवी, अशी व्यवस्था डेबियन, टॉर ब्राउझर अशा प्रकल्पांनी गेल्या दशकभरात उभी केली. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात बायनरीत शिरलेला बांधणीचा दिनांक, फोल्डरचं नाव, फाइलींचा क्रम अशा हजारो बारीकसारीक गोष्टी एकेक करून बाहेर काढाव्या लागल्या. गीक्स या लिनक्स वितरणाच्या मंडळींनी तर २०२३ मध्ये अवघ्या ३५७ बाइटच्या बीजापासून पूर्ण कंपायलरपर्यंत सगळं सोर्समधून चढवून दाखवलं. ३५७ बाइट माणूस हाताने तपासू शकतो. बंद सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाला ही पडताळणी करायला वावच नाही. कंपनी आत करत असेल तर करत असेल.

म्हणजे सॉफ्टवेअरच्या थरावर, कुणी मेहनत घेतली तर, वाचलेल्या कोडपासून चालणाऱ्या कोडपर्यंतचा दुवा पूर्ण जोडता येतो. खुल्या सोर्सचा खरा फायदा मी यात बघतो. एखादं ओपन सॉफ्टवेअर निवडताना स्टार किती, डाउनलोड किती हे मी बघत नाही. अधिकार किती जणांकडे आहेत, मागच्या गंभीर चुकीवर पॅच किती दिवसांत आला, टारबॉल भांडाराशी जुळतो का, हे बघतो. आणि सांभाळणारा एकटा असेल तर तुमच्या संस्थेने त्याला पैसे द्यावेत असं अहवालात लिहितो. त्यात दानधर्म काही नाही, ती तुमच्या सुरक्षेची खरेदी आहे.

फर्मवेअरवर मात्र चित्र बदलतं, आणि तुम्ही सगळा आग्रह इथे खर्च करावा असं मला मनापासून वाटतं. कारण सांगतो. फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी चालतं, तिच्याहून जास्त अधिकाराने चालतं, डिस्क पुसली तरी राहतं. ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये लोजॅक्स हे यूईएफआयमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या फर्मवेअरमध्ये) घर करणारं मालवेअर प्रत्यक्ष वापरात असल्याचं दाखवलं. त्यावर विंडोज पुन्हा टाकून काही उपयोग नव्हता. आणि एका लॅपटॉपमध्ये फर्मवेअर एक नसतं. यंत्र सुरू करणारं बायोस, बॅटरी आणि कीबोर्ड सांभाळणारा कंट्रोलर, एसएसडीच्या आतला, वायफाय कार्डातला, कॅमेऱ्यातला, आणि इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनातला, जिथे मिनिक्स नावाची वेगळीच ऑपरेटिंग सिस्टीम चालते. तुम्ही लिनक्स टाकलंत तरी हे सगळं खाली तसंच.

इथे वाचणं आणि चालवणं यांच्यातला दुवा मुद्दाम कुलूपबंद केलेला असतो. नव्या यंत्रांत बूट गार्डसारखी सोय असते: उत्पादकाच्या किल्लीचा ठसा चिपमध्ये कायमचा कोरलेला, त्याच्या सहीशिवाय दुसरं फर्मवेअर सुरूच होणार नाही. चोराने बायोस बदलू नये यासाठी हे चांगलंच आहे. पण तेच कुलूप तुम्हालाही लागू होतं. उत्पादकाने आधार देणं थांबवलं की कोअरबूट या खुल्या फर्मवेअरचा कोड इंटरनेटवर तयार असूनही तुम्ही तो चढवू शकत नाही. शिवाय किल्ल्या सांभाळण्याची शिस्त तुम्हाला बाहेरून दिसत नाही. बायनार्ली या कंपनीने २०२४ मध्ये दाखवलं की निरनिराळ्या उत्पादकांच्या शेकडो मॉडेलांमध्ये सिक्युअर बूटची (सही नसलेली सिस्टीम सुरू होऊ न देणाऱ्या सोयीची) मूळ किल्ली म्हणून पुरवठादाराची चाचणीची किल्ली तशीच राहिली होती. त्या किल्लीच्या प्रमाणपत्रात स्पष्ट लिहिलेलं होतं, ‘विश्वास ठेवू नका’. आणि तिचा खासगी भाग आधीच फुटलेला होता.

खुलं फर्मवेअर म्हणजे निर्दोष असंही नाही. यूईएफआयचा पाया असलेला ईडीके-टू हा कोड खुला आहे, आणि त्याच्या नेटवर्कच्या भागात जानेवारी २०२४ मध्ये एकदम नऊ चुका जाहीर झाल्या. खुल्या पायावर प्रत्येक उत्पादक आपली बंद इमारत चढवतो, त्यामुळे पायातली दुरुस्ती वरपर्यंत पोहोचायला महिने लागतात, कधी पोहोचतच नाही. कोअरबूट हा १९९९ मध्ये सुरू झालेला प्रकल्प. त्यातही आजच्या इंटेल यंत्रांवर मेमरी जागी करण्याचं काम कंपनीच्या बंद तुकड्यावर सोडावं लागतं. ‘ओपन फर्मवेअरचा लॅपटॉप’ अशी जाहिरात दिसली तर कुठले तुकडे बंद आहेत त्याची यादी मागा. प्रामाणिक विक्रेता ती आनंदाने देतो. माझा अनुभव तरी तसा आहे.

तर तुमच्या लॅपटॉपसाठी: बंद फर्मवेअर असलं तरी चालेल, पण अपडेट किती वर्षं मिळणार हे तारखेसकट करारात घ्या, आणि मॉडेल असं निवडा ज्याचे अपडेट लिनक्सच्या एलव्हीएफएसवर (फर्मवेअरचे अपडेट वाटणाऱ्या सेवेवर) येतात, म्हणजे ते वेळेवर येतात की नाही हे उघड दिसतं. एएमटी वापरणार नसाल तर ते बंद करून घ्या. आणि शक्य असेल तिथे स्वतःच्या सिक्युअर बूट किल्ल्या घाला. एकदा शिकून घेतलं की तेवढं अवघड नाही.

राउटरसाठी माझा सल्ला जास्त ठाम आहे: ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं खुलं फर्मवेअर) अधिकृतपणे चालतं असंच मॉडेल घ्या, मूळ फर्मवेअर वापरायचा विचार असला तरीही. या प्रकल्पाची सुरुवातही लक्षात ठेवण्यासारखी आहे. लिंक्सिसच्या एका राउटरमध्ये लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं, जीपीएल या खुल्या कोडच्या परवान्यामुळे २००३ मध्ये कंपनीला कोड द्यावा लागला, आणि त्यातून ही परंपरा सुरू झाली. वायफायच्या रेडिओचा तुकडा बंदच राहतो. पण उत्पादकाने हात वर केले त्या दिवशी तुमच्या शाखांमधली उपकरणं भंगारात जात नाहीत, आणि नव्या चुकीवरचा पॅच तुम्ही स्वतः लावू शकता. माझ्या टेबलावरच्या त्या राउटरचं खरं दुखणं हेच होतं. तो सुधारायचा मार्गच संस्थेकडे नव्हता.

चिपबद्दल. रिस्क-फाइव्ह खुलं आहे म्हणून त्याची चिप खुली, असा समज मला सारखा भेटतो. रिस्क-फाइव्हमध्ये खुला असतो तो सूचनासंच, म्हणजे प्रोसेसरने कुठल्या आज्ञा पाळायच्या त्यांचा करार. तो पाळणारी रचना कंपनी बंद ठेवू शकते, आणि रचना खुली असली तरी चुका असतातच. २०१८ मध्ये स्पेक्टर हा प्रोसेसरवरचा हल्ला उघडकीला आल्यावर बर्कलीच्या संशोधकांनी बूम या पूर्ण खुल्या रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवरही तो हल्ला करून दाखवला. ऑगस्ट २०२४ मध्ये सी९१० या रिस्क-फाइव्ह प्रोसेसरमध्ये घोस्टराइट सापडलं: व्हेक्टर सूचनांमधल्या (एकदम अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनांमधल्या) एका दोषामुळे कुठलाही साधा प्रोग्राम थेट भौतिक मेमरीत लिहू शकत होता. चिपमधला असा दोष पॅच होत नाही. उपाय म्हणून व्हेक्टरचा भागच बंद करावा लागतो. आणि तो सापडला कसा, तर एकच सूचना वेगवेगळ्या चिपवर चालवून उत्तरं ताडून. सोर्स न वाचता.

मुख्य अडचण त्याच्याही पुढची आहे. समजा रचना खुली आहे आणि निर्दोष आहे. कारखान्यातून आलेली चिप त्याच रचनेची आहे हे कसं तपासणार? सॉफ्टवेअरचा हॅश काढता येतो, सिलिकॉनचा येत नाही. २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की ट्रान्झिस्टरमधल्या अशुद्धींचा प्रकार बदलून, म्हणजे तारांचा नकाशा जसाच्या तसा ठेवून, रँडम आकडे बनवणारा भाग कमकुवत करता येतो. सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीच्या तपासणीत काही दिसणार नाही. हार्डवेअर अभियंता अँड्र्यू ‘बनी’ हुआंग यांनी यावर प्रिकर्सर या उपकरणात एक वाट दाखवली: तयार प्रोसेसरऐवजी एफपीजीए (आतली रचना नंतर ठरवता येते अशी चिप) वापरायचा आणि प्रोसेसर त्यात स्वतः बांधून चढवायचा, म्हणजे चिप बनवणाऱ्याला नेमकं कुठे घाव घालायचा हे आधी कळत नाही. हे काम मला फार मोलाचं वाटतं. पण अशा यंत्राचा वेग तुमच्या संस्थेच्या रोजच्या कामाला पुरणार नाही. त्यामुळे आज चिप खुली नाही म्हणून खरेदी अडवून धरू नका.

तुमच्या शंकेचं उत्तरही इथेच देतो. खालचा थर बंद असला म्हणून वरचा खुला ठेवणं वाया जात नाही. बहुतेक हल्ले वरच्या थरांतून आणि जुन्या, पॅच न लावलेल्या चुकांमधून होतात. चिपमध्ये घाव घालण्याइतका खर्च फार थोड्या लोकांवर केला जातो. तुमच्या संस्थेचं काम तशा लोकांशी निगडित असेल तर वेगळं बोलू.

उरल्या सिक्युरिटी की. इथे मी बंद चिपची शिफारस करतो. २०२० मध्ये क्रॅकेन या क्रिप्टोचलन कंपनीच्या प्रयोगशाळेने ट्रेझर या हार्डवेअर वॉलेटमधून (क्रिप्टोचलनाच्या किल्ल्या ठेवणाऱ्या उपकरणातून) मूळ गुपित विजेचे झटके देऊन सुमारे १५ मिनिटांत काढलं. ट्रेझरचा कोड पूर्ण खुला आणि चांगला होता. चिप मात्र साधी मायक्रोकंट्रोलर होती, असा मार सोसायला बनलेली नव्हती. वस्तू चोराच्या हातात पडल्यावर टिकणं हा वेगळाच गुण आहे, आणि तो देणाऱ्या चिप अजून बहुतांशी बंद आहेत. ओपनटायटनसारख्या खुल्या सुरक्षा चिपच्या प्रकल्पांमुळे हे बदलायला लागलं आहे, त्याकडे मी आशेने बघतो.

पण बंद चिपचं प्रमाणपत्र म्हणजे अभय समजू नका. २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या मासारिक विद्यापीठातल्या संशोधकांना इन्फिनिऑन या कंपनीच्या चिपमधून निघालेल्या सार्वजनिक (जगाला उघड देण्याच्या) किल्ल्यांमध्येच एक ठेवण दिसली, आणि त्यातून खासगी किल्ली काढता येते हे सिद्ध झालं. किल्ल्या बनवणारी चिपमधली लायब्ररी बंद होती, प्रमाणित होती. एस्टोनियाच्या सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांची प्रमाणपत्रं स्थगित करावी लागली. त्यांना तरता आलं कारण त्याच कार्डावर दुसरी गणिती पद्धत तयार होती आणि ती दुरून चालू करता आली. २०२४ मध्ये त्याच कंपनीच्या लायब्ररीत आणखी एक दोष निघाला, १४ वर्षं आणि सुमारे ८० उच्च दर्जाच्या प्रमाणन तपासण्या चुकवून राहिलेला. ५.७ च्या आधीचं फर्मवेअर असलेल्या युबिकी (एका ब्रँडच्या सिक्युरिटी की) त्यात सापडल्या, आणि त्यांचं फर्मवेअर बदलता येत नाही. पण त्या हल्ल्याला की प्रत्यक्ष हातात लागते, ती उघडावी लागते, महागडी उपकरणं लागतात. ऑनलाइन फसवणुकीपासून ती की आजही तितकंच रक्षण करते, त्यामुळे ज्यांच्याकडे जुनी आहे त्यांना मी ती फेकून द्या असं सांगितलेलं नाही.

प्रत्येक माणसाच्या नावावर दोन की नोंदवा, शक्यतो दोन वेगळ्या उत्पादकांच्या आणि आतली चिपही वेगळी असलेल्या. पिन सक्तीचा ठेवा. दुसरी की कपाटात कुलपात. आणि वाटप करताना प्रत्येक कीचा अनुक्रमांक आणि फर्मवेअरचा आकडा वहीत लिहून घ्या. पुढचा असा दोष जाहीर होईल त्या सकाळी कुणाकडची कुठली की परत मागवायची हे त्या वहीवरून दहा मिनिटांत कळतं. वही नसेल तर ती यादी करण्यातच आठवडा जातो.